डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर

जळगावच्या दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. ती साली काढत होती, मी मिरच्या करपवत होतो. ती म्हणाली, "राहू द्या, तुमच्या हाताले फक्त केळी समजते." भरीत-भाकरी खाल्ली. रोजच्यासारखी ती शेवटची संध्याकाळ. इथपर्यंत मी सगळ्यांना सांगतो. पुढचं लेकालाही सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

माझी बायको सिंधू. छातीत गाठ निघाली. तिला जाऊन दोन वर्षं होतील.

आमची रावेरकडची केळी. किडीसाठी झाडाच्या बुडाशी दाणेदार औषध टाकतात. ते काम मी सिंधूकडूनच करून घ्यायचो. पदराची झोळी करायची, तीत औषध ओतायचं, झोळी छातीशी धरायची आणि एकेका झाडाला चिमूट सोडत जायचं. वीस-बावीस वर्षं. तिची चिमूट कधी कमीजास्त व्हायची नाही — मी चारचौघांत फुशारकी मारायचो. घामानं औषध विरघळून पोलक्यावर जांभळे डाग पडायचे. धुवून जायचे नाहीत. मला दिसत नव्हते का? दिसत होते.

दुकानदारानं हातमोजे दिले होते. बजावलंही होतं — नाना, विष आहे हे, बाईमाणसाला पदरात देऊ नका, बादली घ्या. मी चौथी शिकलेला. पण पुड्यावरची विषाची लाल खूण कळायला शाळा लागते का? मोजे मी घातले. फवारताना. तिला म्हणालो, मोज्यानं चिमूट नीट येत नाही.

त्या औषधानंच गाठ झाली असं मी म्हणत नाही. मला ते कळत नाही. कळणाऱ्याला विचारायची वाट मीच बुजवली.

आजारपणात ती कारण शोधत बसायची. एकदा भांडणात तिनं माझ्या आईला दिवसभर जेवायला वाढलं नव्हतं. "सासूबाईचा तळतळाट लागला मले," म्हणायची. केस गेले, अंग वाळलं, तरी तेच. आईच्या फोटोपुढं हात जोडून बसायची. मी शेजारीच असायचो. एका शब्दानं ते ओझं तिच्यावरून उतरलं असतं — पण मग ते माझ्यावर आलं असतं ना? मी तिला ते पाप आपलंच समजू दिलं. मरेपर्यंत.

आणि हे सुरू कुठं झालं? भरीत खाल्लं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

डॉक्टरीणबाई निवांत विचारत होत्या. माहेरी कुणाला होतं का, मुलं किती. मग म्हणाल्या, "शेतातली औषधं हाताळता का आजी?" सिंधूनं तोंड उघडलं होतं. मी आडवा आलो. म्हणालो, "नाही बाई. आमच्या घरच्या बाया शेतात पाय ठेवत नाहीत."

कशासाठी? इभ्रत? भीती? काही म्हण.

सिंधूनं माझ्याकडं पाहिलं. मग टेबलावरचे हात खाली घेतले. डॉक्टरीणबाईंनी मी सांगितलं तेच लिहून घेतलं.

बाहेर बाकावर बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "त्या औषधानं होते का हो असं?"

मी म्हणालो, "येडी का तू? तसं असतं तर मले नसतं का झालं?"