शेवटच्या खुर्चीतली मामेबहीण

माझ्या मामेबहिणीइतकं चुकीचं व्हायोलिन गोंदिया जिल्ह्यात आजवर कोणी वाजवलेलं नाही, आणि तिच्याइतक्या टाळ्याही कोणी घेतलेल्या नाहीत. पहिली गोष्ट मी सिद्ध करून दाखवू शकते. दुसरी मला अजून पचलेली नाही.

तिसरीत ती अर्जुनी मोरगावहून आमच्या घरी गोंदियाला शिकायला आली आणि माझ्याच वर्गात बसली. त्याच वर्षी आमच्या इंग्रजी शाळेने वाद्यवृंद सुरू केला. मी पहिल्या खुर्चीत, ती शेवटच्या. कारण मला नोटेशन वाचता यायचं आणि तिला ते वाचायची गरजच वाटत नसे. तिच्या पुढ्यातला कागद कित्येकदा उलटा असे. व्हायोलिन ती हनुवटीखाली न धरता मांजराच्या पिल्लासारखं छातीशी धरी. गजाला राळ इतकी फासायची, की वाजवून उठली की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसे. वाद्यवृंदाचे सर ओरडत, “बेटा, कागज़ देखो, कागज़!” ही म्हणे, “कागदाकडं पाहू तं तुमच्याकडं कोन पाहीन, सर?” आणि कधी न हसणारे सर हसत. मी घरी बोटं दुखेपर्यंत सराव करून यायची. माझं वाजवणं ऐकून सर फक्त मान हलवत. मान हलवणं आणि हसणं यांतला फरक मला फार लहानपणी कळला.

तिची खरी खोड मात्र वेगळी होती. मामा झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवतो. त्याची शिस्त अशी, की नट आत जायला वळला की त्याला सुरांनी पोचवायचं; कलाकाराला मुक्याने जाऊ द्यायचं नाही. ही त्याच्या मांडीला मांडी लावून वाढलेली. त्यामुळे आमच्या सरावाच्या वर्गातून कोणीही निघालं, की हिचा गज चाले. शिपाई चहाचे कप घेऊन निघाला, तर त्याच्यासाठी ठुमकती चाल. मुख्याध्यापिका तपासणी करून निघाल्या, तर भारदस्त. त्या दारात थांबून वळल्या, तशी हीही थांबली. त्या चालू लागल्या, ही पुन्हा सुरू. शिक्षा म्हणून उभं मात्र आम्हा सगळ्यांना राहावं लागलं.

चौथीच्या स्नेहसंमेलनात एकटीने वाजवायचा मान मला मिळाला. त्या संध्याकाळी तरी लोकांनी फक्त माझ्याकडे पाहावं, एवढंच मला हवं होतं. मी वाजवलं. एकही सूर चुकला नाही. पाहुण्यांच्या मुलीने कविता म्हटल्यावर वाजवतात, तशा टाळ्या झाल्या. नमस्कार करून मी विंगेकडे वळले, आणि मागून शेवटच्या खुर्चीतलं व्हायोलिन सुरू झालं. कुठल्याच कागदावर नसलेलं, जरासं बेसूर, पण राणी महालाकडे निघाल्यासारखं. मी घाबरून थबकले, तर सूर तिथेच लांबला. मी पाऊल टाकलं, तर सुरानेही टाकलं. सगळं सभागृह उभं राहिलं. शिट्ट्या वाजल्या. सर तर पोट धरून हसत होते.

विंगेत मी रडत तिला म्हटलं, “ते माझं होतं! तू मध्ये का वाजवलंस?”

ती चकितच झाली. “मंग तुले तशीच जाऊ देऊ का व? कलाकार हायेस ना तू!”

आता हंगामात ती मामाबरोबर नाटकांना वाजवते. मागच्या वर्षी सौंदडजवळच्या एका गावात मी तिला ऐकायला गेले. लोक तिला नावाने हाका मारत होते, चहा आणून देत होते. मला कोणी ओळखत नव्हतं. पडदा उघडायच्या आधी, तिच्याजवळ बसून, इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी विचारून टाकलं, “स्नेहसंमेलनातल्या त्या टाळ्या नक्की कोणासाठी होत्या गं?”

“टाळ्या?” तिने आठवून पाहिलं. “टाळ्यांचं नाही मालूम बाई. तू लई हळू चालून राहिली होती, एवढं आठवते. डावा पाय जरा ओढत होती. नवे बूट चावत होते ना तुले?”

चावत होते. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात पडदा उघडला. तिने गज उचलला, नायिकेच्या पावलांवर नजर लावली, आणि माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मला त्या नायिकेचा फार हेवा वाटला.