बर्फ पडला तर चहा

अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे राहताना आम्ही दोघं लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जायचो. त्या दुपारी स्वयंपाकघरात बसून अभ्यास केला. ‘इफ’ घालून वाक्य करायचं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, मला काही सुचेना. बायकोनं मात्र पटकन केलं, “इफ इट स्नोज टुमारो, माय हजबंड विल मेक टी.”

“मी? मला कुठं येतो चहा?”

“म्हणूनच इफ घातलंय,” ती हसली. “आलं किसून घाला, ठेचून नको. आणि उतू घालवू नका.”

संध्याकाळी तिचं हृदय बंद पडलं. हॉस्पिटलातून मुलगा आणि मी तिच्याशिवाय परत आलो.

सकाळी खिडकीतून बघितलं. बर्फ पडला नव्हता. मी आलं किसायला घेतलं.

मुलगा म्हणाला, “बाबा, प्लीज. घरात कुणी गेलं की गॅस पेटवत नाहीत. शेजारच्या काकू चहा आणतायत.”

“आणू देत,” म्हटलं आणि गॅस पेटवला. चहा उतू गेला. ओटा पुसून पुन्हा आधण ठेवलं. दुसऱ्यांदा जमला. तो तिच्या कपात ओतला आणि उभ्यानंच प्यायलो.