गाडीला वेळ आहे

ओथा ग्रिमेटची पहिली रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा तिच्यावर त्याचं नाव ओटिस असं छापलेलं होतं. ओथाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. धाकटा भाऊ आर्डेल मात्र ती हातात घेऊन घरभर हसत फिरला.

"काय ओटिसशेठ, आमच्या ओथाला कुठं पाहिलंत का?"

"गप बस," ओथा म्हणाला. "ढोल तुझा आहे त्यात. तुझं तर चुकीचंसुद्धा नाव नाही."

दोघे भाऊ अर्कान्सासमधल्या मॅरियाना गावचे. कापूस वेचणाऱ्यांच्या घरातले. ओथा आधी शिकागोला आला आणि ओतकामाच्या कारखान्यात चिकटला. दोन हिवाळ्यांनी त्यानं आर्डेललाही त्याच कारखान्यात आणलं. रविवारी मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात कुणाच्या तरी खिडकीतून विजेची वायर ओढून घ्यायची, तिला माईक जोडायचा, आणि ओथानं तो माईक माऊथ ऑर्गनसकट दोन्ही मुठींत धरून वाजवायचं. आर्डेल ढोलावर. गिटारला क्लिओटस सग्ज, अंगानं दांडगा आणि बोलायला तिखट. तिघांचं जमलं ते तिथंच, जुन्या टायरांच्या आणि तळलेल्या माशांच्या वासात. माऊथ ऑर्गनचा हा बाजा ओथाचा, म्हणून ताफाही ओथाचा झाला. कुठं वाजवायचं, किती वाजता निघायचं, हे तो ठरवायचा, आणि आर्डेल दर वेळी उशिरा यायचा.

टायरच्या दुकानामागं बेलाक नावाच्या गोऱ्या माणसाचा छोटा स्टुडिओ होता. आवाज घुमावा म्हणून तो एक स्पीकर न्हाणीघरात ठेवायचा. ओथाच्या पहिल्या रेकॉर्डी तिथं झाल्या. नाचायच्या चालीच्या, झपझप जाणाऱ्या. शहराच्या पश्चिमेकडच्या गुत्त्यांतल्या ज्यूकबॉक्समध्ये त्या बऱ्यापैकी वाजल्या आणि ओथानं कारखाना सोडला. आर्डेलनं सोडला नाही. त्याची बायको व्हर्लीन म्हणाली, "भाऊजींचं ठीक आहे, ते एकटे. माझ्या पोरींना रोज जेवावं लागतं." आर्डेलनं डोळा मारला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डबा घेऊन कामावर गेला.

एकोणीसशे चौपन्न सालच्या नोव्हेंबरात, मंगळवारी सकाळी, कारखान्यातल्या जड माल उचलायच्या यारीची साखळी तुटली. खाली आर्डेल होता.

ओळख पटवायला ओथा गेला. चादर बाजूला केली तेव्हा त्यानं आधी बूट पाहिले. एका बुटाची नाडी सुटलेली होती. ही बांधायला हवी, एवढंच त्याच्या मनात आलं. "हो, हाच," तो म्हणाला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. कुणीतरी त्याला पाणी दिलं. पाणी कोमट होतं. तो रडेल म्हणून पाणी देणारा जरा वेळ थांबला, मग कामाला निघून गेला.

आर्डेलला मॅरियानाला आईकडे न्यायचं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं. आणि त्याच शुक्रवारी दुपारी बेलाककडे रेकॉर्डिंग होतं, पूर्वीच ठरलेलं. बेलाकनं स्वतः फोन केला.

"ओथा, वाईट झालं. आपण पुढं ढकलू. कधीही ये."

"नको," ओथा म्हणाला. "गाडीला वेळ आहे."

क्लिओटसला हे पटलं नाही. "लोक काय म्हणतील, ओथा?"

"घरी बसून काय करू? व्हर्लीनच्या घरात बायका भरल्यात. दर थोड्या वेळानं कुणीतरी हातात कॉफीचा कप देतंय. किती पिऊ?"

"तुझा भाऊ होता तो."

"मला माहितीये तो कोण होता."

मग क्लिओटस गिटार घेऊन मुकाट्यानं आला. ढोलावर दुसऱ्या ताफ्यातला वेंडेल पोप नावाचा अबोल माणूस आणला होता. त्यानं टोपी काढून हळूच विचारलं, "मी कसं वाजवू?" ओथा म्हणाला, "हळू."

दोन गाणी झाली. साधीच झाली. मग टेपचं यंत्र अडलं, आणि बेलाक स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यात डोकं घालून बसला. वाट बघता बघता ओथानं बाजा तोंडाला लावला. काय वाजवायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. लांब श्वास आत घेतला, तो एका सुरावर अडकला, तिथंच राहिला, मग खाली उतरला. क्लिओटसनं खालून दोन तारा छेडल्या. वेंडेलनं झाडूसारख्या काड्या घेतल्या. वाजवताना ओथाला आपली कॉलर ओली लागत होती, बाहेर बर्फ वितळत होतं त्यानं भिजलेली. भिंतीतला वाफेचा नळ ठकठक करत होता. तोही तालात आहे, असं त्याला वाटलं. आणखी काही वाटलं नाही. आपण आतून रिकाम्या खोलीसारखे झालोय, आणि त्या खोलीत दुसराच कुणी बाजा वाजवतोय, असं काहीसं.

थांबला तेव्हा यंत्र चालू होतं. बेलाकनं ते केव्हा सुरू केलं, कुणाला कळलं नव्हतं. तो चष्मा पुसत होता.

"याचं नाव काय?"

"नाव नाही."

"बरं. तुम्ही निघा आता. उशीर होईल."

"गाडीला वेळ आहे," ओथा पुन्हा म्हणाला. बेलाकनं टेपच्या खोक्यावर तेच लिहून टाकलं.

संध्याकाळी ते निघाले. व्हर्लीन आणि पोरी डब्यात, आर्डेल पुढं सामानाच्या डब्यात. ओथा रात्रभर खिडकीशी बसून राहिला. मॅरियानाला माती दिली तेव्हा मावश्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याचे डोळे कोरडे होते. आईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, त्यानं ते सगळं खाल्लं.

जानेवारीत ती रेकॉर्ड आली आणि शहरभर झाली. न्हाव्याच्या दुकानात, गुत्त्यात, वाण्याच्या दारातल्या रेडिओवर. लोकांना वाटलं, कुणीतरी गाडीनं निघालेल्या बाईला अजून थोडा वेळ थांब म्हणून विनवतोय. जोडपी त्यावर एकमेकांना बिलगून नाचायची. बायका ओथाच्या बाह्या धरून म्हणायच्या, तू माझ्याच मनातलं वाजवलंस. तो मान हलवायचा.

व्हर्लीननं ती कपडे धुण्याच्या दुकानात ऐकली. गाण्याचं नाव तिथल्या बाईनं सांगितलं. ओले कपडे तसेच टोपलीत टाकून ती ओथाच्या खोलीवर आली.

"कुठली गाडी, भाऊजी?"

ओथानं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मी विचारते, कुठल्या गाडीला वेळ होता?"

"नाव बेलाकनं ठेवलं."

"तुम्ही गेला होतात तिथं. त्या दिवशी. मी त्याचा पांढरा शर्ट शोधत होते, आणि तुम्ही बाजा वाजवत होतात."

"हो."

"लोक नाचतायत त्याच्यावर, भाऊजी. माझा नवरा सामानाच्या डब्यात होता, ट्रंकांच्या शेजारी. काहीतरी बोला."

"काय बोलू, व्हर्लीन?"

"तेच तर," ती म्हणाली. "तुमच्याकडे काहीच नाही बोलायला."

ती गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. चर्चच्या पायऱ्यांवर दिसली तर पोरींचे हात धरून पलीकडच्या बाजूनं उतरायची. हिवाळ्यात ओथा पोरींसाठी क्लिओटसच्या हाती गरम कोट पाठवायचा. ते परत आले नाहीत, एवढंच.

उन्हाळ्यात तो गावी गेला. आई पडवीत चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. रस्त्यापलीकडच्या खानावळीत तीच रेकॉर्ड लागली.

"हे तू कधी वाजवलंस?" आईनं विचारलं.

"त्याच दिवशी. निघायच्या आधी."

"रडलास का वाजवताना?"

"नाही."

"नंतर?"

"नाही."

आईनं आणखी एक शेंग सोलली. "तुझा बाप गेला त्या आठवड्यात मी आपल्या वाट्याचा सगळा कापूस वेचला. बायका म्हणाल्या, ही दगड आहे. येतं रडू कधीतरी."

"तुला आलं?"

"थोडं," ती म्हणाली. "जेवढं यायचं तेवढं. ती टोपली इकडे सरकव."

पुढं बेलाकला दर वर्षी तसंच काहीतरी हवं असायचं. "गाडी चुकली" झालं, "परतीची गाडी" झालं. क्लिओटस त्याला चिडवायचा, "आता पुढं काय वाजवायचं, स्टेशनमास्तर?" ओथा वाजवायचा. सूर जिथं अडकायला हवा तिथं अडकायचा, जिथं उतरायला हवा तिथं उतरायचा. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे, आणि तो छतातल्या पंख्याकडे बघत उरलेल्या गाण्यांचा क्रम मनात लावायचा. त्याला वाटायचं, एखाद्या दिवशी मधेच आपला श्वास मोडेल आणि सगळं बाहेर येईल. श्वास कधी मोडला नाही. त्याचं वाजवणं उलट चोख होत गेलं.

मग लोकांची आवड बदलली. पोरांना ट्रम्पेट आणि सुटातले गवई हवे झाले. बेलाकनं कंपनी विकली आणि तो फ्लोरिडाला राहायला गेला. क्लिओटस पोलादाच्या कारखान्यात लागला. ओथानं एका शाळेत झाडलोटीचं आणि बॉयलरचं काम धरलं. ते त्याला आवडलं. शाळा सुटल्यावर लांबच लांब व्हरांडे पुसायचे, कुणाशी बोलायचं नाही.

अडुसष्ट साली नील रॉसनर नावाचा दाढीवाला तरुण त्याला शोधत शाळेत आला. विद्यापीठातला होता, ओथाच्या सगळ्या रेकॉर्डी त्याच्याकडे होत्या. त्याला मोठी रेकॉर्ड करायची होती, जुनीच मंडळी घेऊन. ओथानं क्लिओटसला बोलावलं. वेंडेल वारला होता, म्हणून ढोलाला नीलनं आपला एक मित्र आणला.

स्टुडिओ मोठा होता, जमिनीवर गालिचा होता. नीलनं विचारलं, "मिस्टर ग्रिमेट, 'गाडीला वेळ आहे' वाजवताना तुम्हाला काय वाटत होतं?"

"कॉलर ओली होती," ओथा म्हणाला.

नील हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

बाकी सगळी गाणी झाली. तेवढं एक राहिलं. ओथा म्हणाला, "ते सोडून काहीही सांगा."

नील काचेपलीकडून काकुळतीला आला. क्लिओटसनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. "लेका, त्यांना तेच हवंय. बाकीचं सगळं त्याच्यासाठीच आहे."

"ढोलावर आर्डेल नाही."

"तेव्हाही नव्हता," क्लिओटस म्हणाला.

ढोलावरचा पोरगेला माणूस काड्या हातात घेऊन खाली बघत होता.

"बरोबर आहे," ओथा म्हणाला. त्यानं बाजा उचलला आणि वाजवला. चौदा वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं निघालं. संपल्यावर काचेपलीकडची माणसं उभी राहिली होती. ओथानं बाजा तळहातावर आपटून थुंकी झटकली आणि विचारलं, बसस्टॉप कुठल्या बाजूला आहे.

त्या रेकॉर्डच्या पाकिटावर त्याचा मोठा फोटो होता. व्हर्लीनच्या थोरल्या पोरीनं, नदीननं, ती विकत आणली. महिन्याभरानं तिचा फोन आला. "काका, आई म्हणते रविवारी जेवायला या."

ओथा गेला. व्हर्लीन जाड झाली होती, केस पांढरे झाले होते. तिनं डुकराच्या मानेच्या हाडांचा रस्सा केला होता, पालेभाजी आणि मक्याचा पाव. नदीन जेवून लवकर उठली आणि तिच्या कामाला गेली.

"नव्या रेकॉर्डवरचा ढोलवाला घाई करतो," व्हर्लीन म्हणाली.

"करतो खरा."

"आर्डेल तसं करायचा नाही."

"तो तर यायचाच उशिरा."

व्हर्लीनला हसू आलं. तिनं ते तोंडावर हात ठेवून दाबलं, मग दाबलं नाही. हसता हसता डोळे पुसले आणि ओथाच्या ताटात आणखी भाजी वाढली.

"एक विचारू? तुम्हाला तेव्हा खरंच काही वाटलं नाही?"

"नाही."

"मला वाटायचं, लपवताय."

"लपवायला काही असतं तर बरं झालं असतं, व्हर्लीन. मी अजून आत बघतो कधी कधी. काही नसतं."

तिनं मक्याचा पाव मोडून रस्स्यात बुडवला. मग म्हणाली, "मला तुमचा राग होता ते बरं होतं. धरायला काहीतरी होतं. नाहीतर मी काय केलं असतं, कोण जाणे."

"आता आहे का?"

"थोडा आहे," ती म्हणाली. "रस्सा घ्या अजून."

त्यानंतर ओथा बहुतेक रविवारी तिच्याकडे जेवायला जायला लागला. नीलसाठी त्यानं आणखी दोन रेकॉर्डी केल्या, त्यातली दुसरी फारशी कुणी घेतली नाही. शाळेतलं काम त्यानं सोडलं नाही. आई गेली तेव्हा तो आणि व्हर्लीन एकत्र गावी गेले, या वेळी बसनं. मातीच्या वेळी व्हर्लीन रडली आणि ओथानं तिची पर्स धरली.

असाच एक रविवार. जेवण झालं आणि व्हर्लीनला खुर्चीतच डोळा लागला. ओथानं उठून रेडिओ बारीक केला, ताटं गोळा केली आणि मोरीत नळ सोडला. भांडी घासता घासता त्यानं सवयीनं स्वतःच्या आत पाहिलं, काही येतंय का. पाणी चांगलं गरम होतं. त्यानं ताटं पुसून फळीवर लावली, ओलं फडकं दोरीवर टाकलं, आणि दार आवाज न करता ओढून घेऊन तो बसच्या रस्त्याला लागला.