सातशे एकोणतीस दिवस

"मॅडम, ते घर माझं नाहीच, असं काही लिहून देता येईल का?"

कुसुम नरवडे यांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. आयकर खात्याचा मेसेज होता. परदेशातल्या तुमच्या खात्याची माहिती आमच्याकडे आली आहे, रिटर्न तपासा, चूक असेल तर एकतीस डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरा. त्या दिवशी तारीख होती अकरा डिसेंबर.

कुसुमताई मूळच्या पाचोडच्या. नर्सिंग करून आयर्लंडला गेल्या. एकोणीस वर्षं नोकरी केली, डब्लिनजवळ दोन खोल्यांचं घर घेतलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं सोडून परत आल्या. घर तिथल्याच एका नर्सला भाड्यानं दिलं. भाडं तिथल्या बँकेत जमा व्हायचं, टॅक्स तिथंच कापला जायचा. इथलं रिटर्न गारखेड्यातला एक एजंट भरायचा, तेही सगळ्यात सोप्या फॉर्मवर. परदेशात घर असेल तर तो फॉर्म चालतच नाही. त्यानं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

मी त्यांना सांगितलं, "घर ठेवणं हा गुन्हा नाही. तिथं राहत असताना घेतलेलं घर परत आल्यावरही ठेवता येतं. पण तुम्ही इथल्या पूर्ण रहिवासी झालात, की रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. नाही भरला तर दंड दहा लाख. प्रत्येक वर्षाचा वेगळा."

"पण मी तिथं टॅक्स भरते हो सगळा."

"तो इथं वजा मिळेल. अडचण लपवल्याची आहे."

सोबत त्यांचा धाकटा भाऊ भास्कर होता. वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर, पाचोडची शेतीही बघतो. तो इतका वेळ उभाच होता. म्हणाला, "मॅडम, तिथलं खातंच बंद करून टाकू. कुनाला कळायलंय?"

"कळलंय. म्हणून तर मेसेज आलाय."

तो खाली बसला.

गेल्या वर्षाचं रिटर्न अजून सुधारता येत होतं. त्याच्या आधीच्या वर्षाची मुदत मात्र संपलेली होती. परत येऊन तेव्हा त्यांना तिसरं वर्ष लागलं होतं. बरीच वर्षं बाहेर राहून परतणाऱ्याला कायदा थोडा काळ सवलत देतो. त्या काळात परदेशातलं घर दाखवावं लागत नाही. पहिली दोन वर्षं त्या निश्चित सवलतीत होत्या. तिसऱ्या वर्षाचा हिशेब दिवसांवर अडला होता. त्या वर्षाच्या आधीच्या सात वर्षांत भारतात काढलेले दिवस मोजायचे. सातशे एकोणतीसपर्यंत असले तर सवलत. एक जरी जास्त झाला तर दहा लाख.

गेल्या वर्षाच्या रिटर्नमध्ये घर दाखवलं, की ते कधी घेतलं हेही लिहावं लागणार. मग आदल्या वर्षी का दाखवलं नाही, हा प्रश्न आलाच.

दुसऱ्या दिवशी त्या जुने-नवे पासपोर्ट घेऊन आल्या. मी शिक्क्यांवरून तक्ता केला. यायचा आणि जायचा, दोन्ही दिवस धरले. कायमच्या परत आल्यापासूनच्या दोन वर्षांचे सहाशे सोळा. त्याआधीच्या पाच वर्षांतल्या सुट्ट्या : एकदा एकतीस, एकदा सत्तावीस, एकदा बावीस, एका वर्षी आल्याच नव्हत्या. झाले सहाशे शहाण्णव. उरलेली जागा तेहतीस दिवसांची, आणि उरलेली फेरी एकच.

"या फेरीला कशासाठी आला होतात?"

"आमचे वडील, बापू, शेवटच्या आजारात होते तेव्हा."

यायचा शिक्का स्वच्छ होता, चार जानेवारी. जायच्या शिक्क्यात फेब्रुवारी वाचता येत होता. तारखेवर शाई पसरली होती. मी भिंग लावलं, फोटो काढून मोठा करून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

"किती दिवस होतात?"

"दीड महिना," त्या लगेच म्हणाल्या. "चांगला दीड महिना होते मी बापूंपाशी."

दीड महिना म्हणजे दंड. मी पेन खाली ठेवलं.

भास्कर म्हणाला, "कशाचा दीड महिना? महिना झाला न् गेली. तिथून नवव्या दिवशी बापू गेले. मातीला बी नव्हती."

"भास्कर, मला शिकवू नको. मी रात्रंदिवस त्यांच्या उशाला होते."

"व्हतीस की. पर महिनाच व्हतीस." मग माझ्याकडं वळून तो म्हणाला, "मॅडम, तीन तारीख टाका, चार टाका. शिक्का कुनाला वाचता यायलाय?"

"पुराव्याशिवाय मी एकही तारीख टाकणार नाही."

"मग रिटर्नच नका भरू. गप बसू."

"गप्प बसायचं असेल तर दुसरा सीए बघा. मी भरणार ते घर दाखवूनच."

दोघंही उठले. परत येतील की नाही याची मला खात्री नव्हती. संध्याकाळी कुसुमताईंचा फोन आला. "घर दाखवू. दंड बसला तर ते घर विकेन. पण तारीख खरीच टाका."

विमान कंपनीनं कळवलं, इतक्या जुन्या नोंदी ठेवत नाही. त्यांच्या जुन्या हॉस्पिटलला मेल केला. उत्तर आलं, रेकॉर्ड विभागाला दोन आठवडे लागतील, मध्ये नाताळची सुट्टी आहे. मी रिटर्न तयार करून ठेवलं. तिथल्या टॅक्सची वजावट मिळण्यासाठी वेगळा फॉर्म लागतो, तोही भरला. सही तेवढी बाकी होती. अठ्ठावीसला त्यांनी तीनदा फोन केला. हॉस्पिटलचं पत्र अजून आलं नव्हतं.

तीस तारखेला दुपारी मेल आला तेव्हा दोघं माझ्यासमोरच बसलेले होते. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर पत्र, सोबत त्या महिन्याचा ड्यूटी चार्ट आणि रजेच्या अर्जाला त्या वेळी जोडलेली परतीच्या तिकिटाची प्रत. प्रवास तीन फेब्रुवारी. पाच फेब्रुवारीला सकाळच्या पाळीत हजर.

चार जानेवारी ते तीन फेब्रुवारी. एकतीस दिवस. एकूण सातशे सत्तावीस.

"सुटलात," मी म्हटलं.

कुसुमताईंच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काहीच दिसलं नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "एकतीसच?" त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं सगळ्यांना दीड महिना सांगत आले."

भास्करला हे जिंकल्यासारखं वाटेल असा माझा अंदाज होता. पण तो म्हणाला, "आक्का, तू गाडीत बसलीस तवा बापू मला म्हनले, जाऊ दे तिला, तिची रजा संपली. मी तुला कधी सांगितलंच नाय. राग व्हता मला लई."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सहीसाठी माझ्याकडं पेन मागितलं. रिटर्न त्याच दिवशी गेलं.

काही महिन्यांनी तिसऱ्या वर्षाबद्दल विचारणा आलीच. मी दिवसांचा तक्ता, पासपोर्टच्या प्रती आणि हॉस्पिटलचं पत्र जोडलं. त्या वर्षीचा फॉर्म चुकीचा होता, हेही स्वतःहून लिहिलं. दंड लागला नाही.

परदेशातून परतणाऱ्या प्रत्येकाला मी आता दोन गोष्टी सांगते. घर तिथलं असलं तरी आधी इथं सांगा. आणि जुने पासपोर्ट, तिकिटं फेकू नका, कारण आपण कुठं किती दिवस होतो हे आपल्याला नक्की आठवतंय असं सगळ्यांनाच वाटत असतं.