कोळ्याचा धागा, पाऱ्याचे कान

लेथवर दिवसभर काम केलं की पायाखाली पितळेचा कीस साचतो. कितीही झाडा, थोडा चपलेला चिकटून घरी येतोच, आणि मग बायको ओरडते. किस्स्यांचंही तसंच. अण्णांच्या कारखान्यात मी लढाईच्या वर्षांपासून स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांपर्यंत लेथवर होतो. किती नळ्या कातल्या, किती स्क्रू काढले, आता काही आठवत नाही. पण किस्से मात्र चिकटून घरी आलेत!

कारखाना म्हणजे सांगलीत हळदीच्या पेठेमागं एक पत्र्याची शेड. दुर्बिणी, होकायंत्रं, मोजणीची यंत्रं तिथं दुरुस्त व्हायची, आणि अण्णांच्या डोक्यात आलं तर नवीनही बनायची. मालक बाळगोंडा अण्णा. घराणं गुळाच्या व्यापारातलं. वडिलांनी पेढीवर बसवलं, तर हे गूळ तोलायचा सोडून तराजूचा काटाच न्याहाळत बसायचे. शेवटी वडीलच म्हणाले, "ह्याला गुळाची गोडी न्हाई, काट्याची हाय. जाऊ द्या की!"

गेले. आणि आमची पोटं त्यावर चालली.

*

लढाई चालू होती. कालव्याच्या कामावरचे एक इंजिनिअर साहेब त्यांची लेव्हल घेऊन आले. लेव्हल म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण. तिच्या आत बारीक धाग्याची एक उभी आणि एक आडवी रेघ असते. त्या रेघेवर सगळी मोजणी. तो धागाच तुटलेला!

विलायतेहून नवा येणं शक्य नव्हतं. बोटी तोफा वाहत होत्या, धागे कोण वाहणार? साहेब म्हणाले, "आठ दिवसांत यंत्र मिळालं नाही तर पावसाळ्याआधी चर व्हायचा नाही. अख्ख्या भागाचं पाणी एक वर्ष लांबेल."

अण्णांनी रेशीम लावलं. घोड्याच्या शेपटीचा केस लावला. स्वतःचा लावला, वहिनींचा लावला. पण भिंगातून बघितलं की प्रत्येक केस सुंभासारखा जाडजूड! सहावा दिवस उजाडला. अण्णांनी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही.

शेड झाडायला तानूबाई यायच्या. पंचेचाळिशीच्या असतील. कोपऱ्यातलं जाळं काढता काढता त्या थांबल्या. "आवं अण्णा, येक इचारू का? ह्याच्यापरीस बारीक धागा तुमाला कुठं गावणार हाय?"

अण्णा जाळ्याकडं बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी तानूबाईंनी काडेपेटीतून एक काळा कोळी आणला. त्याला काडीवरून खाली सोडायचं, तो धागा सोडत लोंबकळणार, तो धागा दोन फाट्यांच्या काटकीवर, दुबेळक्यावर, गुंडाळायचा. दुर्बिणीतल्या कडीवर लाखेच्या थेंबानं चिकटवायचं काम आधी अण्णांनी केलं, धागा वाकडा बसला. मी केलं, धागा तुटला. तिसऱ्यांदा तानूबाईंनीच चिकटवला. श्वास न घेता!

आठव्या दिवशी साहेब आले. डोळा लावला आणि चाटच पडले. "वंडरफुल! रेघ आधीपेक्षा बारीक आहे. कुठल्या कंपनीची तार ही?"

तानूबाई दारातून म्हणाल्या, "कंपनी कसली साहेब, आमच्या न्हाणीघरात ऱ्हातुया त्यो!"

*

त्या दिवशी अण्णांनी तानूबाईंच्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि त्यांना भिंग घासायला बसवलं. काचेवर काच ठेवून, मध्ये पाण्यात कालवलेली लाल पूड घालून, तासन् तास गोल फिरवायचं. जात्यावर बसलेल्या बाईला त्यात नवीन ते काय? महिन्याभरात त्यांच्यासारखा हात आमच्यात कुणाचा नव्हता.

तेव्हा अण्णांनी मोठ्या दुर्बिणीचा आरसा करायला घेतला. ताटाएवढा. घासून झाला की अण्णा एका बारीक भोकातून दिव्याचा उजेड आरशावर टाकायचे आणि परत येणाऱ्या उजेडात दाढीचं पातं धरून तपासायचे. आरशावर केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा उंचवटा असला तरी सावलीत टेकडीसारखा दिसतो.

आणि रोज टेकडी दिसायची! बरोब्बर मधोमध. अण्णा म्हणायचे, "तानूबाई, मध्ये फुगलंय. परत घासा." त्या घासायच्या. अण्णा लगेच तपासायचे. परत टेकडी!

चौथ्या दिवशी अण्णांचा आवाज चढला. "लक्ष कुठं असतंय तुमचं?"

तानूबाईंनी पदराला हात पुसले. शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, तुमी गुळाच्या घरातलं न्हवं? काहिलीतनं वतल्या वतल्या ढेप काढत्यात का कवा? तासभर माजा हात फिरलाय त्याच्यावर. काच तापलीया. निवू द्या की जरा!"

अण्णा खाली बसले. आरसा दोन तास तसाच ठेवला. मग पातं धरलं.

टेकडी गेलेली! आरसा कसा, पुनवेच्या चंद्रासारखा एकसारखा. अण्णांनी सगळ्यांसमोर तानूबाईंना हात जोडले. घरून पेढे मागवले. तानूबाईंनी एक खाल्ला, पाच पदरात बांधले.

*

ज्ञानू हवालदार आला तो लढाई संपल्यावर. गाव कुंडलकडचं, घरी ऊस, पण मन शेतात रमेना. तो तोफखान्यात होता. मात्र तोफा डागणाऱ्यांत नाही, तोफा ऐकणाऱ्यांत! दुश्मनाची तोफ डोंगराआड दिसत नाही, तेव्हा हे लोक जमिनीवर दूर दूर माईक मांडून बसायचे. बार कुठल्या माईकला आधी पोचला, कुठल्या नंतर, यावरून तोफेची जागा कागदावर काढायची.

अण्णांनी विचारलं, "आमच्याकडं तोफा न्हाईत. काय ऐकशील?"

"मिळंल ते!" ज्ञानू म्हणाला.

मिळालं लगेच. तासगावकडच्या एका पिठाच्या गिरणीचं ऑइल इंजिन ठोकत होतं. मिस्त्री म्हणाला, सगळं इंजिन खोलायचं, महिना जाईल. मालक शिवाप्पा रडकुंडीला आलेले. पंचक्रोशीत गिरणी ती एकच.

ज्ञानूनं पितळेची हातभर सळई घेतली, एका टोकाला डबीत ताणून बसवलेला पातळ पत्रा. सळईचं टोक इंजिनाला, डबी कानाला. इथं टेकव, तिथं टेकव. डोळे मिटलेले. पाच मिनिटांत म्हणाला, "बेअरिंग चांगली हायत. चाकाची चावी, दांड्यावर चाक धरून ठेवती ती पाचर, ढिली झालीया. पाना आणा."

चावी ठोकून बसवली. इंजिन असं चाललं, जसं काही झालंच नव्हतं! शिवाप्पा म्हणाले, "आरं, तीस वर्सं ह्या इंजनाशेजारी बसतुया मी. मला कसं ऐकू आलं न्हाई?"

ज्ञानू म्हणाला, "तुमी समदं ऐकताय, मामा. मी नगं ते वजा करून ऐकतो."

*

होकायंत्रांची एक मोठी ऑर्डर होती. आणि एका आठवड्यात अण्णा वेडे व्हायची पाळी आली. सकाळी सुई बरोब्बर उत्तर दाखवायची. अकरा वाजले की दोन घरं पूर्वेला सरकायची. दुपारी एकला परत जागेवर! अण्णांनी उन्हाच्या तापाला दोष देऊन बघितला. पेठेतल्या लोखंडी तराजूंवर संशय घेतला. मला माझ्या लेथसकट बाहेर काढायची भाषा सुरू झाली.

अकरा ते एक आमच्याकडं एक पाटील गप्पा मारायला यायचे. ठरलेल्या स्टुलावर बसायचे, पान जमवायचे, राजकारण सांगायचे. ज्ञानूनं दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आवं पाटील, जरा ते अडकित्त्याचं काम भाईर जाऊन करता का?"

पाटलांचा अडकित्ता वीतभर, अस्सल पोलादी! पाटील रागानं उठून दारापर्यंत गेले, आणि सुई त्यांच्या मागोमाग हलली. आम्ही सगळे ओरडलो. पाटील दचकून वळले. "काय झालं?"

"काय न्हाई," ज्ञानू म्हणाला. "तुमी भाईर पडला आन् उत्तर दिशा घरला आली!"

पाटील आधी फुगले, मग इतके हसले की पान सांडलं. पुढं ते अडकित्ता घरी ठेवून यायला लागले. सुपारी फोडूनच आणायचे.

*

अण्णांचं सगळ्यात लाडकं यंत्र म्हणजे अंतर मोजायची फळी. गजभर सागवानी लाकूड, दोन टोकांना आरसे, मध्ये डोळा लावायची नळी. नळीत एकाच झाडाची दोन चित्रं दिसायची. चकती फिरवून ती एकावर एक आणली की चकतीवर अंतर वाचायचं. नदी न ओलांडता नदीची रुंदी!

साताऱ्याहून एक साहेब परीक्षा घ्यायला आले. पास झालं तर अशा यंत्रांचं काम मिळणार होतं. कृष्णेच्या घाटावर गर्दी जमली. अण्णांनी चकती वाचली, "चारशे दहा फूट." मग साहेबांनी नावेतून मोजलेला दोर पलीकडच्या काठावर नेला, दोन्हीकडून ओढून धरला. चारशे अठरा!

साहेबांनी वही मिटली. "आठ फुटांची चूक. सॉरी."

अण्णांचा चेहरा उतरला. ज्ञानू काहीतरी बोलणार, इतक्यात नावेतला म्हातारा नावाडी वल्हं टेकून म्हणाला, "साहेब, फळी मला कळत न्हाई. पर व्हात्या पाण्यात दोर सरळ कवा ऱ्हायलाय? त्यो बगा की, धनुष्यावानी वाकलाय खालच्या अंगाला!"

सगळ्यांनी बघितलं. दोराच्या मधल्या भागाला धारेनं कमान पडलेली. साहेबांनी वही उघडली. दोर पाण्याच्या वर उचलून, दोन नावांचा मध्ये आधार देऊन परत मोजायला लावला.

चारशे अकरा.

साहेब प्रामाणिक माणूस. हसत म्हणाले, "एका फुटाचं काय करायचं?"

नावाडी म्हणाला, "त्येवढी ढील सरकारला माफ हाय!"

*

आता विहिरीचं सांगतो.

तासगावच्या बाजूला एका गावात उन्हाळ्यात विहीर खोल करायचं काम चाललेलं. तळातून पाण्याच्या शोधात दोन आडवे बोगदे काढलेले, एक पूर्वेला, एक दक्षिणेला. सकाळी विहिरीची कड ढासळली. दोन्ही बोगद्यांची तोंडं मातीनं बंद झाली, आणि आत मारुती नावाचा गडी राहिला. त्याचा भाऊ गणपा वरती माती ओढत होता, तो वाचला.

सायकल दामटत एक माणूस आमच्याकडं आला. कारण तिथल्या कुणीतरी ज्ञानूचं गिरणीचं काम बघितलेलं.

ज्ञानूनं फौजेतल्या आठवणीनं बनवलेल्या दोन लाकडी डब्या होत्या. आत अभ्रकाच्या दोन चकत्या, त्यांच्यामध्ये पारा. जमीन जरा थरथरली की डबी हलते, जड पारा मागं राहतो, आणि तो धक्का रबरी नळीतून कानात येतो. डावी डबी डाव्या कानाला, उजवी उजव्या. दोन्ही कानांत आवाज सारखा आला की तो सरळ समोर आहे असं समजायचं. अण्णा, ज्ञानू आणि मी, एका ओळखीच्याच्या लॉरीतून गेलो.

विहिरीभोवती अख्खं गाव. गडी पूर्वेचा बोगदा उकरायला लागलेले, कारण मारुती सकाळी त्याच बोगद्यात काम करत होता. ज्ञानू म्हणाला, "थांबा. समदं थांबवा. मोट थांबवा, बैल लांब न्या, पोरं घरात घाला. मला आवाज नगं."

"आन् तवर त्यो मेला तर?" गणपा अंगावर धावून आला.

"चुकीच्या बाजूला खणलं तर नक्कीच मरंल," ज्ञानू म्हणाला.

तरी रडण्याचा आवाज थांबेना. मारुतीची बायको हिराबाई. तिला गप्प बस म्हणायची कुणाची छाती होईना. ती स्वतःच उठली. पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि सगळ्या गावाकडं तोंड करून दोन्ही हात वर केले. एवढा जमाव, पण पाचोळा हललेला ऐकू येईल अशी शांतता झाली!

ज्ञानू पालथा झोपला. डब्या मांडल्या, उचलल्या, परत मांडल्या. घाम मातीत ठिबकत होता. बऱ्याच वेळानं त्यानं एक बोट वर केलं. मग काडीनं जमिनीवर रेघ ओढली. वीस पावलं बाजूला जाऊन परत झोपला. दुसरी रेघ. दोन रेघा जिथं मिळाल्या ती जागा दक्षिणेच्या बोगद्यावर होती.

"दक्षिण," ज्ञानू म्हणाला.

गावचे कारभारी म्हणाले, "आरं पर त्यो तिकडं नव्हताच!"

ज्ञानूनं गणपाकडं बघितलं. "ठोकतुया त्यो. दोन ठोकं, जरा दम, परत दोन. जित्ता हाय तुजा भाऊ. चल."

गणपानं फावडं उचललं आणि दक्षिणेला उडी घेतली. त्याच्यामागं सगळेच. फळ्या लावत, माती काढत, दुपार उलटून गेली. आणि मग आतून कुणीतरी खोकलं!

वर अशी आरोळी उठली की बांधावरची बगळ्यांची रांग उडाली. मारुतीला दोरखंडानं वर घेतलं. माती ढासळताना पूर्वेकडून तो दक्षिणेला पळाला होता, म्हणून वाचला. हिराबाईनं त्याचं तोंड पदरानं पुसलं, पुसतच राहिली. अण्णा लहान पोरासारखे रडत होते. कुणीतरी हलगी आणली. ज्ञानूला खांद्यावर घेतलं, तो "उतरा रं, उतरा!" म्हणत कसाबसा खाली आला आणि मारुतीजवळ उकिडवा बसला.

"लय बेस ठोकत हुतास गड्या," ज्ञानू म्हणाला. "न थकता, येकसारखं. दगडानं का पहारीनं?"

मारुतीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि त्याच्याकडं बघितलं.

"मी? न्हाई बा. गळ्यापतोर मातीत हुतो. दोन्ही हात गाडल्यालं. बोटबी हालत नव्हतं माजं."

ज्ञानूनं हळूच त्याच्या मातीनं माखलेल्या छातीवर तळवा ठेवला: दोन ठोके, जरा दम, परत दोन.