पाशिंजर, पोहे आणि पसंती

माझं लग्न लढाईमुळे जमलं. असं सांगितलं की लोक उगीच माझ्या छातीवर पदकं शोधतात. वास्तविक मी उदगीरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो आणि लढाई देशाच्या पार दोन टोकांना चालली होती.

साल एकाहत्तर. पावसानं दगा दिलेला, लातूर जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश. सकाळच्या एस.टी.नं आम्ही देवणीला मुलगी बघायला गेलो. मी, दादा (म्हणजे माझे वडील) आणि आत्या. आत्यानं वाटेतच बजावलं होतं, "होकार जागेवर द्यायचा न्हाई, घरी येऊन कळवायचा. आन् सोयरीक जुळेपर्यंत तिथं जेवायचं न्हाई. पोहे, चहा, बास. ताटावर बसलो की बांधलो गेलो."

मुलगी आली, पोहे आले. पोह्यांत मीठ नव्हतं. पण मुलगी मला बघताक्षणी इतकी आवडली की मी बशी चाटूनपुसून ठेवली. आत्या म्हणाली, "कळवतो." जयभीम करून आम्ही स्टँडवर आलो.

स्टँडवर गाडीच नव्हती.

"उदगीरहून सुटलीच न्हाई," कंट्रोलर म्हणाला. "रेल्वेची पाशिंजर आल्याबिगर सुटत न्हाई."

"मग पाशिंजर कुठंय?" दादांनी विचारलं.

"बाजूच्या रुळावर घातलीय. फौजेच्या गाड्या चालल्यात."

"येणार कधी?"

"ते फौजेला इचारा."

दादा कट्टर देशभक्त. "जवानांच्या आधी आपण जायचं का?" म्हणत ते बाकावर बसले. तासाभरात त्यांच्या देशभक्तीला भूक लागली.

तेवढ्यात मुलीचे वडील शोधत आले. "इथं कशाला बसून राहिलात? घरी चला, दोन घास खाऊन घ्या."

"फक्त चहा घेऊ," आत्या म्हणाली.

चहाबरोबर पुन्हा पोहे आले. (ते शेजारून कच्चे पोहे उसने आणून केलेले, हे मला नंतर कळलं.) मीठ याही वेळी नव्हतं. मी निमूटपणे बशी रिकामी केली. पुन्हा जयभीम, पुन्हा स्टँड. गाडी नव्हती. दिवस कलायला लागला तशी आमची वरात पुन्हा त्याच गल्लीत शिरली. ओट्यावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, परत आले? एका पोरीला बघायला किती येळ लागतो ह्यांला?"

तिसरे पोहेही अळणीच होते. ते मी संपवले, आणि नेमक्या त्याच वेळी आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. पाठोपाठ पिठल्याचा वास. दादांनी डोळे मिटून घेतले. माझा मात्र तोल गेला.

"मला मुलगी पसंत आहे," मी एका दमात म्हणालो, "जेवायला वाढा!"

आत्यानं कपाळावर हात मारला. मुलीचे वडील आनंदानं उठले, ताटं मांडायला सांगणार तोच दाराआडून मुलीचा शांत आवाज आला.

"बाबा, पाव्हण्यांना म्हणावं, आम्ही कळवतो."

माझ्या कानशिलापर्यंत लाज चढली. दादा आशेनं आत्याकडे बघत होते. "आता तरी जेवायचं का गं?"

"न्हाई," आत्या म्हणाली. "तिकडून होकार कुठं आलाय?"

आणि बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. न जेवताच आम्ही गाडी गाठली.

होकार यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी वर्गात कोणत्या नद्या कोणत्या समुद्राला मिळवल्या, देव जाणे.

लग्नानंतर मी बायकोला विचारलं, "एवढा उतावळेपणा करूनही हो कसं म्हणालीस?"

"पहिल्यांदा भीतीनं मीठ घालायचं राहिलं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मुद्दाम घातलं न्हाई. तिसऱ्यांदा खात्री करून घेतली. तुम्ही तिन्ही बशा न बोलता संपवल्या. म्हटलं, ह्यो माणूस जन्मभर तक्रार करायचा न्हाई."

लढाई लवकरच संपली. पाशिंजरही वेळेवर धावू लागली. मी अजून मीठ मागितलेलं नाही.