सहाशे अंश

आम्ही रंगारी. मंडी मोहल्ल्यात वडील रंगाचा हंडा चुलीवर चढवायचे आणि घडोघडी झाकण काढून रंग कुठवर आला ते बघायचे. अशा घरातल्या मुलाने धातूंवर पीएच.डी. करायला जाऊ नये. मी गेलो.

काम दिसायला सोपं. निकेल आणि अॅल्युमिनियमची पूड पोलादी गोळ्यांसोबत डब्यात भरायची, आत हवेऐवजी आर्गॉन वायू कोंडायचा आणि मशीनवर तो डबा तासन्‌तास घुसळायचा. मग पुडीची वडी दाबून भट्टीत तापवली की दोन्ही धातू मिळून तिसराच पदार्थ होतो. माझ्याकडून तीन वर्षं तो झाला नव्हता. या खेपेला नमुना आला नाही तर दुसरा गाइड शोधा, असं सर शांतपणे म्हणाले होते.

डबा पूर्ण थंड झाल्यावर बंदिस्त पेटीतच उघडायचा, हा नियम मीच भिंतीवर चिकटवलेला. तरी घुसळण अर्ध्यात थांबवून मी जरासं झाकण फिरवलं. नुसतं बघायला. हवा आत शिरली आणि करडी पूड एका कडेने लाल झाली आणि ती लाली सरसर पलीकडे धावली. मी बाकाखाली. लॅबचे तंत्रज्ञ, आमचीच भाषा बोलणारे मामा, हातातली कॉफी न सांडता म्हणाले, "भुवया शाबूत आहेत, अल्वा?"

उरलेलं ढेकूळ कुटून मी एक्स-रे तपासणीला दिलं, रिकाम्या हाताने जायला लाज वाटली म्हणून. आलेखात नेमका हवा तोच पदार्थ. भट्टी न पेटवता. सरांनी पाठ थोपटून विचारलं, भट्टीचं तापमान किती? मी सहाशे म्हणालो. इतक्या सहज, की माझाही विश्वास बसला.

सरांनी तो आकडा परिषदेत करायच्या भाषणात घातला. आता तो खोटा आकडा सगळ्यांसमोर जाणार होता. भाषणाच्या आदल्या दिवशी बोगादीला त्यांच्या घरी जाऊन मी सगळं ओकलो. ते मला घेऊन थेट लॅबमध्ये आले. नवी पूड घुसळून झाल्यावर हातमोजे, चष्मा, वाळूची बादली, असा सगळा जामानिमा करून मला डबा उघडायला लावला. पूड पेटली. त्यांनी भाषणातलं 'सहाशे' खोडून 'खोलीचं तापमान' लिहिलं.

मी सुटकेचा श्वास सोडला, तोच ते म्हणाले, "सोमवारी तीन वर्षांच्या सगळ्या वह्या घेऊन या. बाकीचे आकडे कुठून आले, तेही बघू."